आजोळची जर्सी: रग्बी लीगमध्ये 'आपला खेळाडू' कोण ठरवतं?

आज सुरुवात एका पणजीपासून करू या. पणजी म्हणजे गोव्याची राजधानी नव्हे, आजीची आई. (हशा)

साल २००६. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ग्रेट ब्रिटन या तीन संघांची रग्बी लीगची तिरंगी स्पर्धा चालू होती. क्राइस्टचर्चला न्यूझीलंडने ब्रिटनला १८-१४ असं हरवलं. न्यूझीलंडच्या संघात नेथन फीन नावाचा खेळाडू होता. त्याचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधला, माउंट आयझा या खाणींच्या गावातला. तो ऑकलंडच्या वॉरियर्स क्लबकडून खेळत होता आणि न्यूझीलंडच्या संघात आला तो आजीच्या नात्यावर. आजी न्यूझीलंडमध्ये जन्मली असेल तर नातू न्यूझीलंडकडून खेळू शकतो, असा नियम आहे. मग कोणीतरी कागद उकरले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली बाई होती खरी, पण ती आजी नव्हती, पणजी होती. एक पिढी जास्त झाली. न्यूझीलंडचे दोन गुण कापले गेले आणि फीन स्पर्धेबाहेर बसला.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे तीन वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण करून हाच फीन परत न्यूझीलंडच्या संघात आला. २००८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ब्रिस्बेनमध्ये ३४-२० असं हरवलं तेव्हा तो मैदानावर होता. माणूस तोच आणि पायही तेच. पणजीने त्याला न्यूझीलंडर केलं नाही, ऑकलंडमधल्या तीन वर्षांच्या मुक्कामाने केलं.

हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा आहे, पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखाद्या माणसाचा देश कोणता, हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर? सरकार पासपोर्टवर ठरवतं. खेळाच्या संघटना जन्म, आईबाप, आजीआजोबा आणि वास्तव्य यांवर ठरवतात. आणि माणसाच्या मनाचा हिशेब पुष्कळदा तिसराच असतो. रग्बी लीग या खेळात हे तीन हिशेब जितक्या उघडपणे एकमेकांवर आदळले, तितके दुसऱ्या खेळात क्वचितच आदळले असतील. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रग्बीचे दोन प्रकार आहेत. आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर वगैरे दिसते ती रग्बी युनियन, १५ जणांची. रग्बी लीग १३ जणांची. सहा टॅकलमध्ये पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. दोन्ही एकाच घरातले भाऊ, पण वाटणी झाली १८९५ साली, आणि वाटणीचं कारण होतं पैसा. लँकेशायर आणि यॉर्कशायरमधले खेळाडू खाणीत, गिरण्यांत, गोदीत काम करणारे. शनिवारी सामना म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार बुडाला. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं इतकंच होतं की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. लंडनच्या साहेबांनी नकार दिला, कारण खेळ हा हौसेने खेळायचा असतो! ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला हे बोलणं सोपं आहे. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. दिवसाला सहा शिलिंग भरपाई द्यायचं ठरलं. रग्बी लीगचा जन्म हा असा आहे.

या जन्माचा परिणाम पुढे फार दूरवर गेला. रग्बी युनियन साम्राज्याबरोबर, शाळा-कॉलेजांबरोबर जगभर गेली. लीग मात्र कामगार वस्त्यांत राहिली. उत्तर इंग्लंड, सिडनी, ब्रिस्बेन, ऑकलंड, दक्षिण फ्रान्स, पुढे पापुआ न्यू गिनी. एवढंच जग. मग आंतरराष्ट्रीय सामने खेळायचे कोणाशी?

या अडचणीवर पहिलं उत्तर फार मजेशीर निघालं. ५ एप्रिल १९०४ ला विगनला या खेळाचा पहिला आंतरराष्ट्रीय म्हणावा असा सामना झाला. एका बाजूला इंग्लंड. दुसऱ्या बाजूला कोण? संघाचं नावच होतं 'इतर राष्ट्रीयत्वे', म्हणजे 'बाकीचे'. त्यात बहुतेक वेल्श, काही स्कॉटिश. त्या 'बाकीच्यां'नी इंग्लंडला ९-३ असं हरवलं. म्हणजे बघा, या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय कुठल्याही राष्ट्राचा नव्हता, ज्यांना कुठल्या रकान्यात टाकावं ते कळत नव्हतं अशांचा होता.

हा 'बाकीच्यां'चा संघ नंतरही अधूनमधून उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात ब्रायन बेव्हन खेळला. सिडनीचा बारीक अंगाचा माणूस, वॉरिंग्टनकडून वर्षानुवर्षं खेळला आणि कारकिर्दीत ७९६ ट्राय केल्या. हा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. पण तो इंग्लंडमध्ये खेळत होता म्हणून ऑस्ट्रेलियाने त्याला कधीच घेतलं नाही. या खेळातला सगळ्यात जास्त ट्राय करणारा माणूस आपल्या देशाकडून एकही सामना न खेळता निवृत्त झाला.

आणखी एक उदाहरण. १९०७ मध्ये आल्बर्ट बास्करव्हिल नावाच्या न्यूझीलंडच्या तरुण टपाल कारकुनाने एक व्यावसायिक संघ जमवून इंग्लंडला नेला. पैसे घेऊन खेळतात म्हणून सिडनीच्या पेपरवाल्यांनी त्यांना 'ऑल ब्लॅक्स'ऐवजी 'ऑल गोल्ड्स' म्हणून हिणवलं. या न्यूझीलंडच्या संघात सिडनीचा डॅली मेसेंजर होता, तेव्हाचा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात लोकप्रिय खेळाडू. तो चक्क दुसऱ्या देशाच्या संघातून दौऱ्यावर गेला आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बास्करव्हिल बिचारा परतीच्या वाटेवर ब्रिस्बेनमध्ये न्यूमोनियाने गेला, पंचविशीत.

तेव्हा "पूर्वी राष्ट्र म्हणजे राष्ट्र होतं, आता सगळा बाजार झाला" असं कोणी म्हणालं तर त्याला हा इतिहास सांगावा. या खेळात राष्ट्राची सीमा पहिल्या दिवसापासून सैल आहे.

पहिला विश्वचषक १९५४ मध्ये फ्रान्समध्ये झाला. संघ चार: फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चार संघांचा 'विश्व'चषक! पुढची तीसेक वर्षं साधारण हेच पत्ते पिसले गेले. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनी आत आला, त्याच्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत. खरं दार उघडलं १९९५ मध्ये, शंभरीच्या वर्षी. दहा संघ खेळले. फिजी, तोंगा, सामोआ, दक्षिण आफ्रिका ही नवी नावं दिसली. वॉरिंग्टनला तोंगाने न्यूझीलंडला घाम फोडला आणि अखेर न्यूझीलंड २५-२४ असा एका गुणाने सुटला. मॅथ्यू रिजच्या ड्रॉप गोलवर.

२००० मध्ये संघ थेट सोळा केले. आणि इथे 'लहान देशांचा विकास' या शब्दाचे दोन वेगवेगळे अर्थ समोरासमोर आले. एकीकडे रशिया. बहुतेक खेळाडू रशियातल्याच क्लबांत घडलेले. ऑस्ट्रेलियाने त्यांना ११०-४ असं हरवलं. दुसरीकडे लेबनॉन. १९७५ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात हजारो लेबनीज कुटुंबं सिडनीच्या पश्चिम भागात आली आणि त्यांची मुलं तिथल्या मैदानांवर रग्बी लीग शिकली. हजेम अल मस्री मात्र त्रिपोलीतच जन्मलेला. पण संघातले बहुतेक सिडनीचे. मग खरा संघ कुठला? ज्याचे खेळाडू घरचे आहेत पण ११० गुण खातात तो, की ज्याचे खेळाडू दुसऱ्या देशात शिकले पण लढतात तो?

या प्रश्नाचं सरधोपट उत्तर आमच्याकडे नाही. पण नियम काय होता ते आधी समजून घेऊ.

रग्बी लीगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष साधारण असे: तुमचा जन्म त्या देशातला असावा, किंवा आईवडिलांपैकी कोणाचा, किंवा चार आजीआजोबांपैकी कोणाचा. नाहीतर सलग वास्तव्य, पूर्वी तीन वर्षं आणि आता पाच. मराठीत याला 'आजोळचा नियम' म्हणता आलं असतं. फक्त आपलं आजोळ आईकडचंच असतं, यांचं दोन्हीकडचं.

म्हणजे एका माणसाला दोन, तीन, कधी चार देश मिळू शकतात. ऑकलंडमध्ये जन्म, वडील तोंगाचे, आई सामोआची, तेराव्या वर्षापासून मुक्काम ऑस्ट्रेलियात. असे खेळाडू अपवाद नाहीत, नेहमीचे आहेत. मग बदलता येईल का? येईल, पण किती वेळा? बरीच वर्षं नियम होता की एका विश्वचषकाच्या चक्रात देश बदलायचा नाही. या नियमाने झालं काय, की मोठ्या देशाने एकदा बोलावलं, एखाद-दुसरा सामना खेळवला आणि विसरला, तरी तो खेळाडू लहान देशासाठी वर्षानुवर्षं अडकून पडायचा. मोठ्याला नको आणि धाकट्याला मिळत नाही. आपल्याकडे शेताच्या वाटणीत असं होतं: पडीक राहील, पण भावाला देणार नाही.

२०१७ च्या विश्वचषकाआधी हे सैल केलं गेलं. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड ही पहिली पायरी आणि बाकी सगळे दुसरी. पहिल्या पायरीवरचा खेळाडू दुसऱ्या पायरीवरच्या आपल्या देशाकडे जाऊ शकतो आणि परतही येऊ शकतो. पहिल्या पायरीवरच्या दोन देशांकडून मात्र खेळता येणार नाही. दिसायला बारीकशी दुरुस्ती. तिने काय उलथापालथ केली ते आता सांगतो.

जेसन टाउमालोलो. जन्म ऑकलंडचा, घर तोंगन. पोरवयातच कुटुंबाबरोबर टाउन्सव्हिलला आला आणि तिथल्या काउबॉइज क्लबचा सगळ्यात मोठा खेळाडू झाला. २०१७ मध्ये क्लबने त्याच्याशी दहा वर्षांचा, सुमारे एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार केला. न्यूझीलंडच्या संघात त्याची जागा पक्की. आणि विश्वचषकाचे संघ जाहीर होण्याच्या तोंडावर त्याने सांगितलं, मी तोंगाकडून खेळणार. त्याच्याबरोबर न्यूझीलंडकडून खेळलेले आणखी काही जण गेले. सिडनीचा अँड्र्यू फिफिता ऑस्ट्रेलियाची जर्सी सोडून आला. न्यूझीलंडमध्ये मोठा गहजब झाला. गद्दारी, पैसा, अपमान, सगळे शब्द वापरून झाले. पैशाचा आरोप तर अगदी उलटा होता, कारण तोंगाकडे द्यायला होतंच काय?

११ नोव्हेंबर २०१७, हॅमिल्टन. मध्यंतराला न्यूझीलंड १६-२ ने पुढे. शेवटी तोंगा २८, न्यूझीलंड २२. सुमारे एक लाख वस्तीच्या देशाने पहिल्या पायरीवरच्या देशाला हरवलं. पुढे उपांत्यपूर्व फेरीत तोंगाने लेबनॉनला २४-२२ असं जेमतेम मागे टाकलं. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध शेवटच्या सात मिनिटांत तीन ट्राय करूनही २०-१८ ने हरले. फिफिताच्या हातून चेंडू सुटला आणि शिट्टी वाजली. तोंगन लोक अजून म्हणतात, शिट्टी चुकली. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०१९ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर तोंगाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं हरवलं.

आता हे सगळं 'तोंगा' कुठे होतं? मैदान न्यूझीलंडमधलं, खेळाडू ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लबांचे, प्रशिक्षक क्रिस्टियन वूल्फ ऑस्ट्रेलियन, आणि लाल झेंडे घेऊन रस्त्यावर उतरलेली माणसं ऑकलंडच्या ओटाहुहू वस्तीतली. मग टीकाकार म्हणतात, हा तोंगा नव्हे, हा ऑस्ट्रेलियन लीगचा तिसरा-चौथा संघ आहे, तोंगाच्या नावाने रंगवलेला.

हे म्हणणं आम्हाला अर्धवट वाटतं, आणि का, ते सांगायला खेळाबाहेर जावं लागेल.

तोंगन आणि सामोअन माणसं ऑकलंडला का आली? १९५० नंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून बोलावली गेली. १९७० च्या दशकात मंदी आली तसे तेच लोक नकोसे झाले. १९७४ ते १९७६ या काळात पोलिसांनी पॅसिफिक कुटुंबांच्या घरांवर पहाटे धाडी टाकल्या आणि व्हिसाची मुदत संपलेल्यांना बिछान्यातून उठवून नेलं. मुदत संपून राहिलेल्यांत युरोपीयही होते, धाडी मात्र मुख्यतः यांच्याच दारावर. २०२१ च्या १ ऑगस्टला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी याबद्दल सरकारतर्फे जाहीर माफी मागितली.

सामोआचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. १९१४ पासून १९६२ पर्यंत पश्चिम सामोआवर न्यूझीलंडचा कारभार होता. १९८२ मध्ये फालेमाई लेसा या सामोअन बाईंचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे निकाल लागला की १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेली माणसं न्यूझीलंडची नागरिक आहेत. न्यूझीलंडच्या संसदेने काय करावं? त्याच वर्षी घाईघाईने कायदा करून तो हक्क काढून घेतला. तो अंशतः परत द्यायला २०२४ उजाडलं.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. राज्य म्हणतं, तुझी आजी आमची नाही. खेळाची संघटना म्हणते, आजी कुठे जन्मली ते सांग, त्यावर तुझा देश ठरवू. ज्या पिढीच्या दारावर पहाटे थाप पडली, तिची नातवंडं आज न्यूझीलंडला नाकारून तोंगाची जर्सी घालतात तेव्हा त्याला 'सोयीचा झेंडा' म्हणणं सोपं आहे. पण झेंडा बदलण्याची सोय त्यांच्या आजोबांना नव्हती. टाउमालोलोच्या मनात हा इतिहास होता की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. ओटाहुहूच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांच्या मनात तो असणार, एवढं नक्की म्हणता येईल.

सामोआचा कळस २०२२ मध्ये आला. विश्वचषक इंग्लंडमध्ये, करोनामुळे वर्षभर लांबलेला. पहिल्याच सामन्यात इंग्लंडने सामोआला ६०-६ असं चिरडलं. चार आठवड्यांनी तेच दोन संघ लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर उपांत्य फेरीत भेटले. ८० मिनिटांनंतर बरोबरी. जादा वेळेत स्टीफन क्रायटनने लाथेने एक गुण काढला आणि सामोआ २७-२६ ने अंतिम फेरीत. १९५४ पासून त्या दिवसापर्यंत पॅसिफिक बेटांचा एकही संघ तिथे पोहोचला नव्हता. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने ३०-१० असा जिंकला, पण तो निकाल सामोआत कोणाला फारसा लागला असेल असं वाटत नाही.

क्रायटन आपियाचा जन्मलेला, पण त्याच्याबरोबरचे जेरोम लुआई, ब्रायन टोओ सिडनीचे. तिघेही पेनरिथ क्लबचे आणि तिघेही त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सकडून 'स्टेट ऑफ ओरिजिन' खेळलेले. इथे जरा थांबायला हवं, कारण पात्रतेच्या सगळ्या गणिताची किल्ली या ओरिजिनमध्ये आहे.

ओरिजिन म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड, वर्षाला तीन सामने. १९८० मध्ये सुरू झाली. कल्पना अशी की खेळाडू कुठल्या क्लबकडून खेळतो ते सोडा, तो मूळचा कुठला ते बघा. म्हणजे हीसुद्धा पात्रतेचीच गोष्ट. क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू सिडनीचे श्रीमंत क्लब विकत घेत आणि मग तेच सिडनीकडून क्वीन्सलंडला बदडत. पहिल्या ओरिजिन सामन्यात क्वीन्सलंडने हे सगळे घरी बोलावले आणि २०-१० ने जिंकले. आज ऑस्ट्रेलियात या सामन्यांना देशाच्या सामन्यांपेक्षाही जास्त वजन आहे, आणि पैसाही भरपूर, एका सामन्याचे सुमारे तीस हजार डॉलर.

अडचण ही की ओरिजिन ऑस्ट्रेलियाकडून खेळू शकणाऱ्यांसाठी होती. तेव्हा वीस वर्षांच्या पोरापुढे निवड होती: ओरिजिन की आजीचा देश? बहुतेकांनी ओरिजिन निवडलं आणि त्यांना दोष देता येत नाही. नव्या नियमाने हा पेच सुटला. लुआई जूनमध्ये ओरिजिन खेळून ऑक्टोबरमध्ये सामोआकडून खेळू शकला. मात्र न्यूझीलंड पहिल्या पायरीवर असल्यामुळे ऑकलंडमध्ये जन्मलेला आणि क्वीन्सलंडकडून ओरिजिन खेळलेला मुलगा न्यूझीलंडला मिळेना, सामोआला मात्र मिळे. जॉश पापालीइचं तेच झालं: जन्म ऑकलंड, ओरिजिन क्वीन्सलंड, देश ऑस्ट्रेलिया आणि मग सामोआ. म्हणजे लहान देशांना उभं करण्याची किंमत ऑस्ट्रेलियाने कमी आणि न्यूझीलंडने जास्त मोजली. न्यूझीलंडची तक्रार अगदीच खोटी नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर भारताच्या १९ वर्षांखालील संघातून २०१० चा विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग शिकायला अमेरिकेत गेला. जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्यानेच टाकली आणि अमेरिका जिंकली. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कला विराट कोहलीला शून्यावर बाद केलं. तेव्हा आपल्या घराघरांत त्याचं कौतुकच झालं. "आपला सौरभ" म्हणत होते लोक, तो भारताविरुद्ध खेळत असताना! अमेरिकन क्रिकेट याने उभं राहतं का, हा वेगळा प्रश्न. आणि तोच प्रश्न रग्बी लीगला विचारला पाहिजे.

कारण या नियमाची दुसरी बाजू आहे आणि ती फारशी सुंदर नाही.

२०१३ चा विश्वचषक. अमेरिकेचा संघ पहिल्यांदाच आला आणि कुक आयलंड्स, वेल्स या दोघांना हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. लोक म्हणाले, आता अमेरिकेची बाजारपेठ उघडली. संघात अमेरिकेत घडलेले काही होते, पण धुरा आजोळच्या नात्याने आलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंवर होती. आणि घरी? दोन संघटना एकमेकींशी भांडत होत्या, त्यातली एक पुढच्याच वर्षी कोसळली. २०१७ मध्ये अमेरिकेने तिन्ही सामने गमावले, पापुआ न्यू गिनीकडून तर ६४-०. वरून फुलं लावली होती, मुळं नव्हती.

त्याच स्पर्धेतला इटलीचा संघही बघण्यासारखा होता. युद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या इटालियन कुटुंबांची नातवंडं. कप्तान अँथनी मिनिकिएलो आधी ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला. संघात तरुण जेम्स टेडेस्को, जो २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कप्तान म्हणून विश्वचषक उचलणार होता. त्याच्यासाठी इटली हा वर जाण्याचा जिना होता. जारिड हेन २००८ मध्ये फिजीकडून चमकला, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने उचलला आणि २०१७ मध्ये तो परत फिजीकडे आला. उतरणीला लागलेले धाकट्या देशाकडे, उमेदीतले मोठ्याकडे. बराच काळ नियमाचा उपयोग असाच झाला. म्हणून टाउमालोलोचं महत्त्व. तो ऐन भरात असताना उलट्या दिशेने गेला.

तोंगाचं घरसुद्धा सावरलेलं नव्हतं. ज्या २०१९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं, त्याच वर्षी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा कारभार इतका विस्कटला की प्रशिक्षकाला काढलं, खेळाडू अडून बसले, आंतरराष्ट्रीय संघटनेने तोंगाच्या संघटनेला निलंबित केलं, आणि तो ऐतिहासिक सामना संघाला 'तोंगा निमंत्रित' या नावाने खेळावा लागला. देशाचा सगळ्यात मोठा विजय अधिकृतपणे देशाच्या नावावर पूर्णपणे नाही! पुढच्या वर्षी संघटनेची हकालपट्टी झाली.

आता ग्रीस. हे उदाहरण आम्हाला मनापासून आवडतं. तिथे सरकारदरबारी हा खेळ दुसऱ्याच एका क्रीडा महासंघाच्या ताब्यात दिलेला होता आणि खरे खेळणारे बेकायदा ठरले होते. मैदानं मिळत नसत, पोलीस येत. पोरांनी रात्री उशिरा, जागा गुप्त ठेवून सामने खेळले. २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ग्रीस विश्वचषकात उतरला. संघात ऑस्ट्रेलियातल्या ग्रीक कुटुंबांची मुलं होती आणि अथेन्समध्ये चोरून खेळलेलीही. इंग्लंडने ९४-४ ने हरवलं. आकडा रशियाच्या जातीचा आहे. पण या संघात दोन्ही ग्रीस एका रांगेत उभे होते, आणि परदेशातल्या मुलांमुळे पात्रता मिळाली नसती तर अथेन्सच्या मुलांकडे कोणी पाहिलंही नसतं. जमैकाचंही तसंच. लीड्समध्ये जन्मलेल्या बेन जोन्स-बिशपने न्यूझीलंडविरुद्ध जमैकाची विश्वचषकातली पहिली ट्राय केली. सामना ६८-६ ने गेला, पण कॅरिबियनचा संघ या स्पर्धेत आधी कधी उतरलाच नव्हता.

राहिला पापुआ न्यू गिनी. जगात हा एकच देश जिथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ मानला जातो. ऑस्ट्रेलियाच्या अमलात सोन्याच्या खाणींवर आलेल्या माणसांनी आणि नंतर सैनिकांनी तो आणला, आणि शेकडो भाषा बोलणाऱ्या देशात तो सगळ्यांना कळणारी एक भाषा झाला. इथे आजीची गरज नाही, खेळाडू डोंगरदऱ्यांतून घरचेच येतात. गरज होती ती रोज कस लागेल अशा स्पर्धेची. २०१४ पासून त्यांचा 'हंटर्स' संघ क्वीन्सलंडच्या स्पर्धेत खेळतो, २०१७ मध्ये त्याने ती जिंकलीही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ थेट ऑस्ट्रेलियाच्या मुख्य लीगमध्ये उतरेल, ऑस्ट्रेलियन सरकारच्या दहा वर्षांच्या ६० कोटी डॉलरच्या मदतीवर. सरकार एवढं उदार का झालं? पॅसिफिकमध्ये चीनचा पाय पडू नये म्हणून, हे कोणी लपवलेलंही नाही. १८९५ मध्ये सहा शिलिंगांवरून घर फुटलं होतं, आता तोच खेळ परराष्ट्र धोरणाच्या अंदाजपत्रकात आहे.

दरम्यान विश्वचषक आक्रसला. २०२५ ची स्पर्धा फ्रान्सने सोडली, ती २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि संघ सोळावरून दहावर आले. ग्रीस नाही, जमैका नाही, इटली नाही. दहांत निम्मे पॅसिफिक बेटांचे: सामोआ, तोंगा, फिजी, पापुआ न्यू गिनी, कुक आयलंड्स. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पेन हास, आज या खेळातल्या पुढच्या फळीतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, तोही सामोआकडे वळला. आजोळच्या नियमाने वरच्या मजल्यावर गर्दी झाली आहे. खालच्या मजल्यावर, जिथे अथेन्सची आणि किंग्स्टनची पोरं आहेत, तिथला दिवा मात्र कोणी बंद केला तेच कळत नाही. पात्रतेचे नियम कितीही सैल केले तरी खेळायला स्पर्धाच नसेल तर ते सैल नियम कोणासाठी?

वेळ झाली आहे. कोणाला सामन्याच्या नियमांबद्दल, म्हणजे सहा टॅकल वगैरे, विचारायचं असेल तर तेही विचारा. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घेऊ.